अँटिबायोटिक घरात आल्यावर: मात्रा, वेळ आणि दिवस कसे सांभाळायचे

कोणतं अँटिबायोटिक द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. पण ते नेमकं किती मि.ली. पोटात गेलं, दोन मात्रांमध्ये किती तास गेले, पाण्याबरोबर घेतलं की छाशीबरोबर (ताकाबरोबर), आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर उरलेल्या गोळ्या घेतल्या की कपाटात गेल्या, हे घरात ठरतं. औषध बरोबर असूनही गुण येत नाही तेव्हा आधी इथेच बघावं. खाली दिलेल्या मात्रा हातातली चिठ्ठी समजून घेण्यासाठी आहेत; त्या वाचून स्वतः औषध सुरू करू नका. एकाच औषधाची मात्रा आजारानुसार किती बदलते ते पुढे टायफॉइडच्या उदाहरणात दिसेलच.

मुळात लागतंय का?

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी, डेंगी, चिकनगुनिया, पावसाळ्यातली हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ आणि लहान मुलांचे बरेचसे जुलाब हे विषाणूंमुळे होतात. शेंबूड किंवा कफ हिरवा-पिवळा झाला की जिवाणू आलेच असं लोक धरून चालतात. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि विषाणूंच्या सर्दीतही येतो. सर्दी साधारण ७ ते १० दिवस चालते, खोकला २-३ आठवडे रेंगाळतो. तिसऱ्या दिवशी कंटाळून अझिथ्रोमायसिन घेतलं आणि पाचव्या दिवशी बरं वाटलं, तर श्रेय गोळीला मिळतं. न घेताही पाचव्या दिवशी बरंच वाटलं असतं.

जिवाणूंचा संशय बळावतो अशी काही चित्रं ठरलेली आहेत. घसा दुखतोय, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या गाठी दुखताहेत आणि खोकला मात्र नाही: हे स्ट्रेप्टोकोकसचं चित्र, विशेषतः शाळकरी मुलांत. सर्दी १० दिवसांनंतरही तशीच आहे, किंवा उतरत आलेली सर्दी पुन्हा तापासकट उसळली: सायनसमध्ये जिवाणू असू शकतात. लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, ओटीपोटात दुखणं. लहान मुलाला खोकल्याबरोबर श्वास भरभर लागणं. हा श्वास मोजता येतो: मूल शांत असताना पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांपर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळांचा श्वास एका लयीत नसतो.

जुलाबांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. रात्री बाहेर सेव-उसळ खाल्ली, सकाळी पोट बिघडलं, की मेडिकलमधून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी आणायची ही सवय घराघरात आहे. साध्या पाण्यासारख्या जुलाबांत तिची गरज नसते. लागतं ते ओआरएस: एका लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, पेलाभर पाण्यात चिमूट नव्हे. पाच वर्षांखालच्या मुलांना त्याबरोबर झिंक, रोज २० मि.ग्रॅ., सहा महिन्यांच्या आत १० मि.ग्रॅ., जुलाब थांबले तरी १४ दिवसांपर्यंत. शौचातून रक्त, जोराचा ताप, किंवा तांदळाच्या धुवणासारखे भसाभस जुलाब असतील तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर अँटिबायोटिक देतात आणि द्यायलाच हवं.

बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर येतो तेव्हा आणखी एक प्रश्न उभा राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आला तसा पूर आला की लोक तासन् तास गढूळ पाण्यात उभे असतात. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं, आणि ज्यांना पाण्यात राहणं भागच आहे त्यांना आठवड्यातून एकदा २०० मि.ग्रॅ. अशी प्रतिबंधक मात्राही दिली जाते. ती कोणाला द्यायची हे आरोग्य खातं किंवा डॉक्टर ठरवतात. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती सरसकट वाटायची गोष्ट नाही. पूर ओसरल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर आपण पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

चिठ्ठी आणि दुकान

चिठ्ठीवर १-०-१ असेल तर सकाळ-रात्र, १-१-१ असेल तर तीनदा. ओ.डी. म्हणजे एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा. एस.ओ.एस. म्हणजे ‘लागलं तर’. ते तापाच्या किंवा दुखण्याच्या गोळीपुढे असतं, अँटिबायोटिकपुढे कधीच नाही. दवाखान्यातून उठण्याआधी तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहिलेल्या आहेत ना ते बघा: मि.ग्रॅ. किंवा मि.ली.चा आकडा, एकूण दिवस, आणि मूल असेल तर आजचं वजन. ‘एक चमचा’ एवढंच लिहिलं असेल तर किती मि.ली. ते तिथेच विचारा. आणि आपण सांगायचं ते हे: आधी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ किंवा गांधी आल्या होत्या, किडनी-लिव्हरचा त्रास, गरोदरपण, बाळ अंगावर पीत असणं, आणि रोज चालू असलेल्या गोळ्या. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम चालू असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, कारण मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल यांसारख्या औषधांनी त्यांचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो.

मेडिकलमध्ये बिल मागा. सेफिक्सिमसारख्या तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनसह बरीच अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या नियमाप्रमाणे दुकानदाराला डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. अँटिबायोटिकच्या पट्टीच्या डाव्या बाजूला लाल उभी रेघ असते. ती दिसली की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं घरातल्या मुलांनाही माहीत असावं. कापलेली पट्टी घेताना एक्स्पायरी आणि बॅच नंबर असलेला तुकडा तुमच्या हाती येतोय का ते पाहा. ‘तीनच द्या, बघू फरक पडतो का’ हे वाक्य दुकानात बोलूच नका.

ब्रँड बदलून मिळाला तर घाबरायचं कारण नाही, फक्त मूळ औषधाचं नाव आणि मि.ग्रॅ. चिठ्ठीशी जुळवा. बडोद्याच्याच अलेंबिकचं अझिथ्राल असो की जनऔषधीमधलं दुसऱ्या नावाचं, आत अझिथ्रोमायसिन ५०० मि.ग्रॅ. असेल तर ते तेच औषध. मात्र एक जोडी फसवते. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटची ६२५ ची गोळी म्हणजे ५०० अधिक १२५. ३७५ ची म्हणजे २५० अधिक १२५. त्यामुळे ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५ च्या दोन गोळ्या घेतल्या तर ॲमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होतं, पण क्लॅव्हुलॅनेट दुप्पट होतं, आणि जुलाब लागतात ते बहुधा त्यानेच.

जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिक्सची तीन गटांत वाटणी करते: नेहमी वापरायची, जपून वापरायची, आणि राखून ठेवायची. ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात आहेत. आपल्याकडे ज्यांना लोक ‘साधं’ समजतात ती अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम दुसऱ्या, जपून वापरायच्या गटात आहेत. डॉक्टरांनी जुनं, स्वस्त ॲमॉक्सिसिलिन लिहिलं तर ‘भारी काही द्या’ म्हणू नका. सुई भारी आणि गोळी हलकी हाही तसलाच समज. पोटात टिकत असेल आणि आजार फार गंभीर नसेल तर बरीच अँटिबायोटिक्स गोळीतूनही पुरेशी रक्तात जातात.

पावडरची बाटली

मुलांच्या औषधात सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सावकाश.

१. बाटली उघडण्याआधी उलटी करून तळहातावर आपटा, तळाला बसलेली पावडर सुटी होऊ द्या. ओली झाल्यावर ती गाठ फुटत नाही.

२. बरोबर पाण्याची प्लॅस्टिकची कुपी आली असेल तर तेच पाणी घाला. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी. गरम पाण्याने औषध खराब होतं.

३. खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा. मग खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा हलवा.

४. पाच मिनिटं थांबा. फेस बसल्यावर पातळी खुणेच्या खाली गेलेली दिसेल. तेवढंच पाणी पुन्हा घाला. फेसाला पातळी समजून थांबलं तर औषध दाट राहतं आणि प्रत्येक मात्रा जास्त जाते. खुणेच्या वर भरलं तर पातळ होऊन कमी जाते.

५. लेबलवर आजची तारीख पेनने लिहा.

ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, दारात नव्हे, मधल्या कप्प्यात, आणि ७ दिवसांनी टाकून द्यायची. फ्रीझरमध्ये कधीच नाही. इतर औषधांचं लेबल सांगेल तसं. बडोद्याच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या कालवलेल्या बाटलीवर भरवसा ठेवू नका, नवी घ्या. प्रत्येक मात्रेआधी बाटली हलवा. नाही हलवली तर पहिले दोन दिवस वरचं पातळ जातं आणि शेवटच्या दिवशी तळाचा गाळ.

मोजायला सुईशिवायची सिरिंज सगळ्यात चांगली, औषधाच्या दुकानात मिळते. तिच्या टोकाला छोटं टोपण असेल तर ते आधी काढून फेकून द्या. ते मुलाच्या घशात उडून अडकू शकतं. बाटलीबरोबरचं मापाचं झाकण चालेल. स्वयंपाकघरातला चमचा नको: कुणाकडे तो ३ मि.ली.चा असतो, कुणाकडे ७ चा. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा. बाळाच्या दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नका, त्याने बाटली अर्धवट टाकली तर किती औषध गेलं ते कळत नाही.

मि.ली.चं गणित

ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटच्या सिरपवर मोठ्या अक्षरात २२८.५ किंवा ४५७ लिहिलेलं असतं. हा दोन्ही औषधांच्या बेरजेचा आकडा आहे. २२८.५ म्हणजे ५ मि.ली.मध्ये २०० ॲमॉक्सिसिलिन आणि २८.५ क्लॅव्हुलॅनेट, ४५७ म्हणजे ४०० आणि ५७. मात्रेचा हिशेब ॲमॉक्सिसिलिनवर होतो.

समजा १२ किलोचं मूल आहे आणि डॉक्टरांनी किलोमागे दिवसाला ४५ मि.ग्रॅ. दोन वेळांत असं धरलंय. ४५ गुणिले १२ म्हणजे दिवसाला ५४०, एका वेळेला २७०. ४५७ च्या सिरपमध्ये एका मि.ली.त ८० मि.ग्रॅ. असतं, म्हणून मात्रा साधारण ३.४ मि.ली. २२८.५ च्या सिरपमध्ये मि.ली.त ४० असतं, म्हणून पावणेसात मि.ली. चिठ्ठी ४५७ ची आणि दुकानातून आलं २२८.५, पण ३.४ मि.ली.च देत राहिलो, तर मूल पाचही दिवस निम्म्या मात्रेवर. उलट झालं तर दुप्पट. बाटली बदलली की मि.ली. बदलतात, म्हणून दुकानातच डॉक्टरांना फोन लावून विचारा.

आता तोच हिशेब पुढे न्या. पाच दिवस, दहा मात्रा, प्रत्येकी ३.४ मि.ली. म्हणजे ३४ मि.ली. बाटली ३० मि.ली.ची. म्हणजे चौथ्या दिवशीच्या रात्रीनंतर ती संपत येणार. ‘बाटली संपली म्हणजे कोर्स संपला’ असं समजून पुष्कळ घरांत औषध थांबतं. बाटल्या किती लागतील ते पहिल्याच दिवशी मोजा आणि दुसरी बाटली आणून ठेवा, पण पाणी मात्र पहिली संपल्यावरच घाला.

अझिथ्रोमायसिनचं गणित सोपं: बऱ्याच आजारांत किलोमागे १० मि.ग्रॅ., दिवसातून एकदा, तीन दिवस. १२ किलोच्या मुलाला १२० मि.ग्रॅ.; ५ मि.ली.मध्ये २०० असलेल्या सिरपचे ३ मि.ली., १०० असलेल्याचे ६. हे औषध पेशींमध्ये साठून हळूहळू बाहेर पडतं, म्हणून तीन दिवसांचा कोर्स पुढेही काम करत राहतो. तीन दिवस दिलं म्हणजे डॉक्टरांनी कमी दिलं असं नाही.

आणि शेजारच्या मुलाचं माप आपल्या मुलाला का लावू नये, तर हे बघा. सेफिक्सिम नेहमीच्या संसर्गात किलोमागे दिवसाला ८ मि.ग्रॅ. असतं. २० किलोच्या मुलाला ८० मि.ग्रॅ. दोनदा, म्हणजे ५ मि.ली.त १०० असलेल्या सिरपचे ४ मि.ली. टायफॉइडमध्ये हेच औषध किलोमागे २० मि.ग्रॅ.पर्यंत जातं: त्याच मुलाला १० मि.ली. दोनदा, आणि दोन आठवडे. औषध एकच, वजन एकच, पण मात्रा अडीचपट.

घड्याळ आणि ताट

ॲमॉक्सिसिलिन रक्तातून लवकर उतरतं, दर तासाला साधारण निम्मं. या जातीच्या औषधांना रक्तातली पातळी ठरावीक उंचीच्या वर जास्तीत जास्त वेळ टिकावी लागते. एकदम जास्त देऊन भागत नाही. म्हणून तीन वेळा म्हणजे नाश्ता-दुपार-रात्रीचं जेवण असं धरलं तर रात्री १२ तासांची फट पडते आणि उरलेले जिवाणू तेवढ्यात पुन्हा वाढतात. सकाळी ६, दुपारी २, रात्री १० अशा वेळा पाळा. दोनदाच्या औषधाला ८ आणि ८. नवरात्रात गरब्याला जाणाऱ्यांची रात्रीची १० ची मात्रा हमखास राहते. त्यांनी ७-३-११ असं ठरवून गोळी खिशातच ठेवावी, आणि उपास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

जेवणाशी प्रत्येकाचं नातं वेगळं आहे.

ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. सेफ्युरॉक्झिम आणि सेफपोडॉक्झिम जेवणानंतर, अन्नाबरोबर ती जास्त शोषली जातात. पण आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी त्यांचं शोषण घटतं. अँटिबायोटिकबरोबर ‘पोटाला एक’ म्हणून पँटोप्राझोल किंवा अँटासिड लिहायची रीत आहे. या दोन औषधांबरोबर ते खरंच लागतंय का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन: ही दूध, दही, कॅल्शियम, लोह, झिंक आणि अँटासिड यांना चिकटतात आणि न शोषली जाता शौचावाटे निघून जातात. दुपारच्या जेवणाबरोबर पेलाभर छाश ज्या शहरात ठरलेली, तिथे हे मनावर घ्यायला हवं. सिप्रोफ्लॉक्सासिन या गोष्टींच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. डॉक्सिसायक्लिनला दोन-तीन तासांचं अंतर तरी ठेवा. ‘अँटिबायोटिक गरम पडतं’ म्हणून बरोबर दिली जाणारी मल्टिव्हिटॅमिनची गोळी झिंक-लोहवाली असेल तर तीही यांच्याबरोबर नको. ताक-दहीभात पोटाला चांगलाच, फक्त गोळीच्या वेळी नाही. ॲमॉक्सिसिलिनला मात्र दुधाताकाचं काही पथ्य नाही.

डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नका. घोटभर पाण्याने गिळून लगेच झोपलं तर कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम होते; छातीत आग होऊन गिळणं अवघड जातं. हे औषध चालू असताना उन्हाने कातडी भाजल्यासारखी होते, तेही ध्यानात असू द्या.

मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर दोन-तीन दिवस दारू वर्ज्य: मळमळ, उलट्या, धडधड, चेहरा लाल. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून हे वाक्य ओलांडून जाऊ नका. आसव आणि अरिष्टांतही आंबवताना तयार झालेला अल्कोहोल असतो, काही खोकल्याच्या औषधांतही. तोंडाला धातूसारखी चव येते ती मात्र निरुपद्रवी आहे.

म्हातारी माणसं आणि किडनी

रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.४ दिसलं की ‘थोडंसंच वाढलंय’ म्हणून पुढे जातात. वय आणि वजन धरून हिशेब केला की चित्र बदलतं. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, आणि स्त्री असेल तर ०.८५ ने गुणा. ७८ वर्षांच्या, ४८ किलोच्या आजींचं क्रिएटिनिन १.४ असेल तर उत्तर येतं मिनिटाला २५ मि.ली., म्हणजे किडनी मिनिटाला साधारण तेवढंच रक्त साफ करते. तरुण माणसाचं १०० च्या आसपास असतं. अशा आजींना लेव्होफ्लॉक्सासिन ७५० रोज दिलं तर ते साठत जातं. त्यांना ते ४८ तासांनी एकदा द्यावं लागतं. लघवीच्या संसर्गाचं नायट्रोफ्युरँटॉइन त्यांना देतच नाहीत, कारण ते लघवीत पुरेसं उतरत नाही आणि दुष्परिणाम मात्र वाढतात. म्हणून साठीपुढच्या माणसाचा शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट दवाखान्यात बरोबर न्या. लेव्होफ्लॉक्सासिन आणि त्याच्या भावंडांनी डायबिटिसच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते, आणि टाचेमागचा स्नायुबंध दुखू लागला तर औषध थांबवून त्याच दिवशी फोन करायचा असतो.

लघवीचं कल्चर, टायफॉइडचं कल्चर

लघवीच्या संसर्गात कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून कोणतं औषध चालेल ते बघायची तपासणी) सांगितलं असेल तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या. जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या, डबीच्या आत बोट लावू नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. रिपोर्टवर ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे जिवाणू दाद देणार नाही. शेजारी एम.आय.सी.चा, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखायला औषध कमीत कमी किती लागतं त्याचा, आकडा असतो. ज्याचा आकडा सगळ्यात लहान ते औषध सगळ्यात जोरदार, असं वाचू नका. प्रत्येक औषधाची स्वतःची मर्यादा असते आणि दोन औषधांचे आकडे एकमेकांशी तोलता येत नाहीत. तसंच काहीच त्रास नसताना कल्चरमध्ये जिवाणू दिसले तर बहुतेकांना उपचार लागत नाही. गरोदर स्त्रिया याला अपवाद. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात बायकांना नायट्रोफ्युरँटॉइन १०० मि.ग्रॅ. जेवणानंतर दोनदा, पाच दिवस असं सहसा असतं, आणि त्याने लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नये.

टायफॉइडसाठी विडाल टेस्टवर फार विसंबू नका. ती जुन्या संसर्गाने किंवा लशीनेही पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकआधी घेतलेलं ब्लड कल्चर जास्त खात्रीचं. आणि बरोबर औषध चालू असूनही टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलून, तिसऱ्या दिवशी औषध बदललं, की कशाने काय झालं याचा पत्ताच लागत नाही.

किती दिवस, आणि चुकलं तर

पूर्वी सगळ्यांना सरसकट ७-१० दिवस देत. आता साध्या न्यूमोनियाला आणि कातडीच्या संसर्गाला, ४८-७२ तासांत सुधारणा दिसत असेल तर, ५ दिवस पुष्कळदा पुरतात. पण स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला ॲमॉक्सिसिलिन १० दिवस, ताप दुसऱ्याच दिवशी गेला तरी, कारण तिथे हृदयाच्या झडपा बिघडवणाऱ्या संधिवाती तापाला टाळायचं असतं. म्हणजे ‘जितके जास्त दिवस तितकं चांगलं’ हे खरं नाही आणि ‘बरं वाटलं की बंद’ हेही नाही. दिवस डॉक्टरांनी ठरवलेले. लवकर बरं वाटलं तर थांबवू का, हे विचारायचं असतं, आपण ठरवायचं नसतं. टीबीचं तर सगळंच निराळं: सहसा सहा महिने किंवा त्याहून जास्त. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सयाजी हॉस्पिटलसारख्या सरकारी ठिकाणी थुंकीची तपासणी मोफत होते. ती होण्याआधी लेव्होफ्लॉक्सासिन घेतलं तर टीबीचे जिवाणू तात्पुरते दबतात आणि निदान लांबतं.

मात्रा विसरली तर आठवल्यावर लगेच घ्या. पुढची मात्रा जवळ आली असेल, म्हणजे मधला अर्ध्याहून जास्त वेळ निघून गेला असेल, तर विसरलेली सोडून द्या. दोन एकदम नाही. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाने ओकून टाकलं तर तेवढीच मात्रा पुन्हा द्या. एका तासानंतर ओकलं तर देऊ नका. मधल्या वेळेत झालं तर फोन करून विचारा.

४८ ते ७२ तासांत ताप किंवा त्रास थोडाही हलला नाही तर कळवा. टायफॉइडचं वर आलंच आहे. कळवताना किती वाजता किती मि.ली. दिलं ते सांगता आलं तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं, म्हणून बाटलीच्या खोक्यावरच वेळा लिहीत जा.

थोडी मळमळ, दिवसातून दोन-तीनदा पातळ शौच, हे चालतं. अंगावर गांधी उठल्या तर पुढची मात्रा न देता डॉक्टरांना विचारा. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर येऊन पडणं असं झालं तर १०८ ला फोन करा, घरगुती उपाय करत बसू नका. तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड येऊन कातडी सोलवटली, डोळे पिवळे झाले, किंवा शौचातून रक्त-आव पडू लागली तरी औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा. औषध संपल्यावर काही आठवड्यांनी सुरू झालेले जोराचे जुलाबही त्याच अँटिबायोटिकचे असू शकतात. कशाची ॲलर्जी निघाली ते औषधाच्या मूळ नावासकट एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. ‘ती पांढरी लांबट गोळी’ एवढ्यावरून पुढच्या डॉक्टरांना काही कळत नाही.

गोळ्या उरल्याच, समजा डॉक्टरांनी मध्येच औषध बदललं, तर त्या पुढच्या तापासाठी ठेवू नका आणि कामवाल्या बाईंना किंवा वॉचमनलाही देऊ नका. पाण्यात कालवलेलं उरलेलं सिरप बेसिनमध्ये ओतू नका. चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळून, पिशवी बांधून कचऱ्यात टाका. गोळ्याही पट्टीतून काढून तशाच मिसळून टाका, आणि पट्टीवरचं नाव फाडून मगच ती फेका.